गावकूस शोधताना : खान्देशातील जुनी तटबंदी पाहण्याची रीत

खान्देशातील तटबंदी म्हटली की असीरगड, लळिंग यांसारखे डोंगरी किल्ले आधी डोळ्यांपुढे येतात. परंतु तापी, गिरणा आणि बोरी या नद्यांच्या काठी वसलेल्या जुन्या गावांनाही स्वतःचे कोट होते, आणि ते अजून पुरते नाहीसे झालेले नाहीत. ते घरांच्या मागच्या भिंतींत, टपऱ्यांच्या आडोशाला आणि उकिरड्यांच्या खाली दडलेले आहेत. ते शोधायचे तर काही क्रम पाळलेला बरा.

सुरुवात घरबसल्या, उपग्रह-नकाशावरून करावी. गावठाणाच्या कडेने एखादा रस्ता कारण नसताना गोल वळत जात असेल, आणि आतल्या गल्ल्या त्याला तीन-चार ठिकाणीच येऊन मिळत असतील, तर तो बहुधा बुजवलेल्या खंदकावरचा किंवा पाडलेल्या तटालगतचा रस्ता असतो. त्यानंतर मोहल्ल्यांची नावे पाहावीत. दगड गेला तरी नाव टिकते. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांच्या खान्देशाची ती राजधानी होती. तेथे शनवारा, इतवारा, राजपुरा, शिकारपुरा ही वेशींची नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगावी. प्रत्येक गावात एक तरी भिंत ‘पांडवकालीन’ असतेच, आणि ती तशी नाही असे म्हणणाऱ्याला चहा मिळत नाही. प्रत्यक्षात बऱ्हाणपूर वसले चौदाव्या शतकाच्या अखेरीस, पण त्याचा नगरकोट हैदराबादचा पहिला निजाम, निजाम-उल-मुल्क आसफजाह याने १७३१ साली बांधला. पारोळ्याचा भुईकोट हरी सदाशिव दामोदर यांचा, १७२७ चा. मालेगावचा किल्ला पेशव्यांचे सरदार नारोशंकर यांनी १७४० च्या सुमारास उभारला. मोगली सत्ता सैल होऊन निजाम आणि मराठे या मुलखावर हक्क सांगू लागले, तेव्हाची ही बांधकामे आहेत. म्हणून गाव मध्ययुगीन असले तरी समोरची भिंत तितकीच जुनी आहे असे गृहीत धरू नये. तटात एखादा कोरीव देवळाचा दगड बसवलेला दिसला, तर त्यावरून देवळाचे वय कळते, तटाचे नव्हे.

प्रत्यक्ष पाहणीसाठी दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. पावसाळ्यात खंदकातील झुडपे माजलेली असतात आणि मे महिन्यात खान्देशातला दगड हात लावू देत नाही. सकाळी लवकर निघावे, कारण तिरप्या उन्हात भिंतीवरील सांधे, डागडुजीचे ठिगळ आणि बुजवलेली भोके उठून दिसतात. कमानीखाली शिरण्यापूर्वी वर मधमाश्यांचे पोळे नाही ना, हे पाहून घ्यावे.

आधी वेस पाहावी, तट नंतर. तट कोणीही बांधतो, बांधणाऱ्याची अक्कल वेशीत दिसते, असे माझे मत आहे. अमळनेरच्या दगडी दरवाजासारख्या ठिकाणी आत शिरल्यावर रहदारीपासून बाजूला सरकून भिंतीला टेकून उभे राहावे. कोणत्याही जुन्या दरवाजात चौकटीच्या मागे दोन्ही बाजूंना समोरासमोर चौकोनी भोके असतात का ते तपासावे; त्यांतील एक उथळ आणि दुसरे जवळजवळ अडसराच्या लांबीएवढे खोल असते, कारण दार उघडे असताना अडसर त्या खोल भोकात ढकलून ठेवला जाई. खाली, पायाशी, दगडात वाटीसारखा खळगा सापडतो. त्यात दाराचा खुंटा फिरत असे. बोट घातले की घासून गुळगुळीत झालेला दगड हाताला कळतो. दाराच्या मोठ्या फळीतील दिंडी (ये-जा करण्याचे छोटे दार) मुद्दाम बुटकी असते, म्हणजे येणारा माणूस वाकूनच आत येतो आणि एका वेळी एकच येतो. तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यात फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेतील काही अधिकारी शेवटच्या दरवाजाच्या दिंडीतून आत शिरले आणि तेथेच कापले गेले. त्यानंतर इंग्रजांनी किल्ल्यातील शिबंदीची, म्हणजे पहाऱ्याच्या फौजेची, कत्तल केली आणि किल्लेदाराला फाशी दिले.

तट पाहताना त्याचे पोट कशाचे आहे ते शोधावे. बाहेरून चुन्यात बसवलेला काळा दगड आणि आत मातीचा भराव, अशी रचना असेल, तर दर्शनी दगड उपसला गेला की चार पावसाळ्यांत आतली माती वाहून जाते. जंग्या, म्हणजे तटातील मारा करण्याची भोके, शक्यतो आतून पाहाव्यात. आत रुंद, बाहेर चिंचोळ्या आणि खाली उतरत्या असतील, तर त्या बंदुकीसाठी आहेत.

गढीची, म्हणजे गावातील पाटील-देशमुखांच्या तटबंद वाड्याची, गोष्ट वेगळी. तिची पांढरी माती पाणी झिरपू देत नाही, म्हणून लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या धाब्यांवर, म्हणजे घरांच्या सपाट मातीच्या छपरांवर, पसरण्यासाठी नेली. त्यामुळे गढीचा बुरूज अर्धाच उरलेला दिसला, तर उरलेला अर्धा शेजारच्या छपरांवर आहे असे खुशाल समजावे.

पारोळ्यासारख्या ठिकाणी बाजार किल्ल्याला इतका भिडलेला आहे की आधी खंदकाच्या कडेने जमेल तेवढी फेरी मारावी, पावले मोजावीत आणि मगच आत जावे. वहीत कच्चा नकाशा काढून जेथे तट तुटतो ती जागाही तेवढ्याच काळजीने दाखवावी. अशा जागी पारावर बसलेल्या एखाद्या नानांना किंवा आबांना विचारले, तर ‘आठे येस व्हती’ (येथे वेस होती) एवढ्या तीन अहिराणी शब्दांत तासाभराचे काम होते. केंद्र संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, त्यामुळे मोजपट्टी घेऊन फिरणाऱ्याकडे रहिवासी संशयाने पाहतात. आपण कोणत्याही कचेरीतून आलेलो नाही, हे आधीच सांगून टाकावे. वेशीचा एखादा घडीव दगड कोणाच्या उंबरठ्यात बसलेला आढळला, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मगच त्याचे छायाचित्र घ्यावे.