पोर्टेबल पीए स्पीकरचा ईक्यू: कार्यक्रमाआधी माईक कसा लावून घ्यावा

ईक्यू म्हणजे आवाजातले जाड, मधले आणि बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय. सुरुवातीला बास (जाड), मिड (मधले), ट्रेबल (बारीक) हे सगळे नॉब मधोमध, शून्यावर आणा. स्पीकरच्या मागे ‘म्युझिक’, ‘स्पीच’, ‘लाइव्ह’ असे तयार मोड असतील तर ‘लाइव्ह’ किंवा ‘फ्लॅट’ निवडा. ‘म्युझिक’ मोडमध्ये बहुधा बास आणि ट्रेबल दोन्ही फुगवलेले असतात. रेकॉर्ड केलेलं गाणं त्यात छान वाटतं, पण माईक उघडला की त्याच फुगवट्यामुळे आवाज घुमतो आणि शिट्टी वाजते (स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरल्याने). म्हणूनच मोबाइलवरचं गाणं वाजवून माईकचा ईक्यू ठरवू नका.

आता जागा. स्पीकर जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवला की बास आपोआप वाढतो. कोपऱ्यात तर आणखीच. प्रत्येक पृष्ठभागामुळे ही वाढ 6 डेसिबलपर्यंत जाऊ शकते. ती नॉबने काढत बसण्यापेक्षा स्पीकर स्टँडवर चढवा, ट्वीटर (बारीक सूर वाजवणारा भाग) समोरच्यांच्या डोक्यांच्या वर येऊ द्या. माईक स्पीकरच्या तोंडापुढे कधीच नको. गाणारा स्पीकरच्या मागे किंवा बाजूला उभा राहिला की निम्मी शिट्टी तिथेच संपते.

मग गेन, म्हणजे माईकचा आवाज आत घेताना किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब. गायकाला माईक तोंडापासून 3 ते 5 सेंटिमीटरवर धरून कार्यक्रमात गाईल तितक्याच जोराने गायला सांगा. क्लिपचा (आवाज फाटायला लागल्याचा) लाल दिवा लागेपर्यंत गेन वाढवा आणि तिथून थोडा मागे घ्या. ‘हॅलो, चेक’ एवढ्यावर लावलेला गेन फसवतो, कारण पहिल्याच चढ्या सुराला आवाज फाटतो. फाटलेला आवाज कोणत्याही ईक्यूने सांधता येत नाही.

लो कटचं (अगदी जाड सूर कापणारं) बटण असेल तर प्रत्येक गायनाच्या माईकला ते लावा. 80 ते 100 हर्ट्झच्या खाली गळ्याचं फारसं काही नसतं. तिथे असतात श्वासाचे फटकारे, ‘प’ आणि ‘भ’चे धक्के, स्टँडला लागलेल्या पायाची धडधड.

खरी मेहनत 200 ते 400 हर्ट्झच्या पट्ट्यात आहे. शब्द कळत नाहीत, आवाज बोदा वाटतो, अशी तक्रार आली की बहुतेक जण ट्रेबल वाढवतात. त्याने बोदेपणा तसाच राहतो आणि वर ‘स’, ‘श’ टोचायला लागतात. मिडची फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर व्हॉल्यूम खाली घ्या, मिड 6 डेसिबल वाढवा आणि फ्रिक्वेन्सीचा नॉब सावकाश फिरवा. आवाज जिथे सगळ्यात वाईट घुमेल, तिथेच थांबून मिड शून्याच्या खाली 3-4 डेसिबल न्या. त्यानंतर व्हॉल्यूम पुन्हा वाढवा. उघडलेले शब्द लगेच ऐकू येतात.

साध्या तीन नॉबच्या स्पीकरवर ही सोय नसते. तिथे बासचा नॉब साधारण 80-100 हर्ट्झच्या आसपास आणि खाली काम करतो, मिडचा बऱ्याचदा 2.5 किलोहर्ट्झच्या आसपास. नेमके आकडे मॅन्युअलमध्ये पाहा. बोदेपणा या दोन्हींच्या मध्ये बसलेला असतो. अशा वेळी बास 3 डेसिबल कमी करा आणि माईक तोंडापासून जरा लांब धरायला सांगा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माईक ओठांना चिकटवला की तोच बास वाढवतो.

वाढवण्यापेक्षा कमी करणं इथे जास्त महत्त्वाचं आहे. कोणताही पट्टा 3 डेसिबलने वाढवला की तिथे दुप्पट पॉवर लागते, 6 डेसिबलला चौपट. छोट्या स्पीकरमध्ये तेवढी शिल्लक नसते, त्यामुळे लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर रोखणारी सोय) मध्ये पडतो आणि बासच्या प्रत्येक ठोक्याला गळ्याचा आवाज दबतो. बॅटरीही लवकर उतरते.

शिट्टीसाठी माईक त्याच्या जागी उघडा ठेवा आणि व्हॉल्यूम सावकाश वाढवा. ‘ऊऽऽ’ असा जाड हुंकार आला तर दोष साधारण 200 ते 500 हर्ट्झमध्ये, मधल्या पट्टीतला भोंगा 1 किलोहर्ट्झजवळ, कानात घुसणारी शिट्टी 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये. ग्राफिक ईक्यूवर (प्रत्येक पट्ट्याला वेगळा सरकता नॉब असलेला ईक्यू) तो एकच पट्टा 3 डेसिबल खाली घ्या आणि पुन्हा वाढवून पाहा. तीन-चार पट्टे कापूनही शिट्टी जात नसेल तर थांबा; त्यापुढे गळाच पोकळ होत जातो. माईक हलवा किंवा व्हॉल्यूम कमी ठेवा. माईकच्या जाळीवर मूठ आवळून गाणाऱ्याला तसं न धरायला आधीच सांगा, कारण त्या मुठीने माईक सगळ्या दिशांचा आवाज घ्यायला लागतो आणि केलेला ईक्यू वाया जातो.

पिकअप (तारांचा आवाज विजेत बदलणारा भाग) असलेली अकूस्टिक गिटार 100 ते 200 हर्ट्झमध्ये घुमते. आधी फेजचं (आवाजाची लहर उलटी करणारं) बटण उलटून पाहा, नाही जमलं तर तिथे कट. पीझो पिकअपचा (कंपनांच्या दाबावर चालणारा प्रकार) प्लास्टिकसारखा टणत्कार 1.5 ते 3 किलोहर्ट्झमध्ये कमी होतो.

हे सगळं रिकाम्या हॉलमध्ये केलेलं असतं. माणसं बसली की ती उंच सूर शोषतात, म्हणून साउंडचेकला ट्रेबल किंचित जास्त वाटला तर राहू द्या. मोकळ्या मैदानात उलटा प्रकार: भिंती नसल्यामुळे बास पातळ होतो, आणि तिथे तो 2-3 डेसिबल वाढवायला हरकत नाही. पण गळ्याच्या माईकवर नाही, फक्त वाद्यांच्या चॅनेलवर.