बेसबॉलमध्ये चेंडू पंचालाच लागला, तर मुलांना काय शिकवाल?

क्रिकेटवर वाढलेल्या आईबापांची अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलला हमखास फजिती होते. चेंडू मैदानात बेसजवळ उभ्या पंचाच्या पोटरीवर आपटतो आणि आपण कडेवरून ओरडतो, ‘पळ, पळ!’ क्रिकेटमध्ये पंचाला लागला तरी खेळ चालूच असतो ना! इथे तो बऱ्याचदा तिथेच थांबतो.

म्हणून आधी नियम स्वतः घोटून घ्या. फटकावलेला चेंडू फेअर हद्दीत (दोन्ही बाजूंच्या रेषांच्या आत), कुणा खेळाडूचा हात लागण्याआधी आणि पिचर (चेंडू टाकणारा) सोडून इतर कुठल्याही इनफिल्डरला (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला) ओलांडण्याआधी पंचाला लागला, तर चेंडू ‘डेड’, म्हणजे खेळ थांबला. बॅटरला पहिला बेस (धाव घेतानाचा पहिला थांबा) मिळतो. बाकीचे रनर (आधीच बेसवर पोहोचलेले) मागून रेटा आला, म्हणजे मागच्याला बेस रिकामा करून द्यावा लागला, तरच पुढे सरकतात. म्हणजे एकटा रनर दुसऱ्या बेसवर असेल, तर तो तिथेच राहतो. धाव हुकल्याचं रडगाणं इथूनच सुरू होतं. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या इनफिल्डरला) ओलांडून गेलेला चेंडू पंचाला लागला, तर मात्र खेळ चालू. क्षेत्ररक्षकाने फेकलेल्या चेंडूचंही तसंच.

दुसरा प्रकार प्लेटमागच्या (बॅटर जिथे खेळतो तिथल्या) पंचाचा. बेस चोरणाऱ्या (फटका नसताना पुढच्या बेसकडे पळणाऱ्या) रनरला बाद करायला कॅचर, म्हणजे बॅटरमागचा यष्टिरक्षकासारखा खेळाडू, चेंडू फेकतो आणि त्याचा हात पंचाला अडतो. त्या फेकीवर रनर बाद झाला, तर बाद. नाही झाला, तर सगळे आपापल्या बेसवर परत.

आता सराव. पिचर आणि दुसऱ्या बेसच्या मधे एखाद्या बाबाला उभं करा (मऊ चेंडू घ्या, बाबा दुसऱ्या दिवशीही लागतात) आणि चेंडू मुद्दाम त्याच्या पायांवर मारा. ‘आता कोण कुठे जाईल?’ हे मुलांना विचारा आणि उत्तर चुकलं तरी लगेच सांगू नका. आपसात भांडू द्या, त्यातच नियम डोक्यात बसतो. कॅचरच्या मागे उभे राहून मधूनमधून त्याच्या कोपराला हलकेच अडवा. फेक अर्धवट सोडायची नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलं पाहिजे, कारण त्या फेकीवर रनर बाद होऊ शकतो.

सामन्यात पंच ‘टाइम’ म्हणेपर्यंत मुलांनी खेळत राहायचं. मग एकाच प्रशिक्षकाने पिचरने पुढचा चेंडू टाकण्याआधी पंचाकडे चालत जाऊन विचारावं, ‘रनर इथे का ठेवलात?’ चेंडू कुठे लागला यावर वाद घालू नये, तो पंचाचा निर्णय. नियम कसा लावला हे मात्र जरूर विचारावं. पंच बहुधा हौशी, कधी कधी तर शाळकरी पोर असतो. चेंडू लागून तो आधीच ओशाळलेला असतो.

उरतो तो बॅटर, हक्काचा डबल (दोन बेसचा फटका) गेला म्हणून तोंड फुगवून बसलेला. त्याला स्कोअरबुक दाखवा: कुणा खेळाडूचा हात न लागता चेंडू पंचाला लागला, तर तिथे त्याच्या नावावर एक हिट (यशस्वी फटका) लिहिलेली असते.