खानदेशातून स्कॉटलंडला आलेल्यांनो, मंडळीत पाहुणे राहू नका

प्रभूमध्ये सलाम.

गेल्या काही वर्षांत आपल्या धुळे-नंदुरबारकडची बरीच पोरं-पोरी इकडे आली. कोणी शिकायला, कोणी केअर होममध्ये रात्रपाळी करायला. सामान लावून होत नाही तोच कोणाकडून तरी माझा नंबर मिळवून फोन येतो, "मावशी, इथं आपली मंडळी कुठं भरते?" प्रत्येकाला फोनवर थोडंथोडं सांगते आणि अर्धं राहूनच जातं, म्हणून हे सवडीने लिहायला बसले. मी साक्री तालुक्यातली. २००३ साली नर्स म्हणून ग्लासगोला आले आणि त्याच वर्षापासून चर्च ऑफ स्कॉटलंडच्या, म्हणजे प्रेस्बिटेरियन पंथाच्या, एका मंडळीत आहे.

मराठी प्रार्थनासभा आमच्यापैकी कोणाच्या तरी घरी अधूनमधून होते. तिला जरूर या. बॅगेत 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक टाकून आणलं असेल तर फारच बरं. पण रविवारी सकाळी राहत्या भागातल्या चर्चमध्ये जा. महिन्यातून एकदा मराठीत गायचं आणि बाकीचे रविवार पांघरुणात काढायचे, असं करणारी पोरं मी पाहिली आहेत. डिसेंबरात पावणेचारला दिवस मावळायला लागतो तेव्हा सगळ्यात आधी तीच खचतात.

माझा पहिला रविवार जानेवारीतला. मी सवयीने दारातच बूट काढले. आपल्याकडे चपला बाहेर, आत सतरंजी, बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या, डोक्यावर पदर. इथं दगडी फरशीवर मी मोज्यांत उभी. एका आजींनी माझे बूट उचलून आणून दिले, "फरशी फार गार आहे, घाल" म्हणाल्या आणि मला आपल्या बाकावर शेजारी बसवलं. पुढची नऊ वर्षं त्या तिथंच माझ्या शेजारी बसल्या. तेव्हा बूट घालूनच आत जा, कुठंही बसा, नवरा-बायको एकत्र बसा.

उपासना बहुतेक ठिकाणी अकराच्या सुमाराला सुरू होते, आणि अकरा म्हणजे अकरा. बऱ्याच मंडळ्यांत बीडल नावाचा सेवक मोठं बायबल हातात घेऊन आत येतो, लोक उभे राहतात, तो ते व्यासपीठावर ठेवतो आणि मग पाळक येतात. आधी शास्त्र, मागून माणूस. ही पद्धत मला फार आवडते. प्रार्थना एकच जण करतो, बाकीचे मान खाली घालून गप्प. आपल्यासारखा सगळ्यांचा एकदम आवाज चढत नाही, टाळ्या नाहीत, मध्येच 'हालेलुया' नाही. नवी पोरं म्हणतात, "इथं आत्मा नाही." असं म्हणू नका. शेजारी गप्प बसलेल्या माणसाची बायको महिन्यापूर्वी गेलेली असते आणि तो तीच प्रार्थना शब्दन् शब्द धरून बसलेला असतो. तेविसावं स्तोत्र सुरू झालं की त्यांचे चेहरे पाहा.

आता हे प्रेस्बिटेरियन म्हणजे काय, कारण खानदेशात हे नाव आपण ऐकलेलं नसतं. आपल्याकडे पश्चिमेला स्वीडिश आणि स्कँडिनेव्हियन अलायन्सचे मिशनरी आले, भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे. प्रेस्बिटेरियन आले ते कोल्हापूरला, अमेरिकेहून. स्कॉटिश मिशनरी मुंबई, पुणे, नागपूरकडे राहिले. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते जॉन विल्सन इथूनच गेले आणि १८२९ साली मुंबईला पोहोचले. भारतात मिझोरमची सगळ्यात मोठी मंडळी आजही प्रेस्बिटेरियनच आहे.

नाव आलं 'प्रेस्बिटर' या ग्रीक शब्दावरून. त्याचा अर्थ वडील, आपल्या मंडळीत म्हणतो तेच वडील. इथं बिशप नाही. पाळक एकटे मंडळी चालवत नाहीत आणि लोकांच्या मोठ्या सभेत हात वर करूनही सगळं ठरत नाही. वडिलांची बैठक असते, तिला कर्क सेशन म्हणतात. पाळक तिचे अध्यक्ष. त्यांच्यावर भागातल्या मंडळ्यांची प्रेस्बिटरी, आणि तिच्यावर जनरल असेंब्ली, जी मे महिन्यात एडिनबरोला भरते. असेंब्लीचा मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, एका वर्षापुरता. राजाचा प्रतिनिधी येतो, पण तो वर गॅलरीत बसतो, सभेत नाही, कारण मंडळीचं मस्तक ख्रिस्त, राजा नव्हे. पाचामुखी परमेश्वर म्हणतो ना आपण, तो विचार इथं १५६० पासून कागदावर आणि व्यवहारात उतरवत आलेत.

याचा तुमच्याशी संबंध असा. आपल्याकडे एखादं काम अडलं की आपण म्हणतो, "पाळकसाहेब बघतील." त्यांच्या आधी म्हणायचे, "मिशनसाहेब बघतील." इथं साहेब कोणी नाही. पाळकांना पोरंसोरं नावाने हाक मारतात. मला ते वीस वर्षांत जमलं नाही, मी अजून नुसतं 'पाळक' म्हणते, तेही चालतं. पण काम मात्र तुमच्याकडे येतं. तिसऱ्या-चौथ्या रविवारी कोणीतरी विचारेल, "चहाच्या पाळीत नाव घालू का?" किंवा "पुढच्या वेळी शास्त्रपाठ वाचशील?" हो म्हणा. आपला उच्चार त्यांना कळेल का, अशी काळजी करू नका, सावकाश वाचा. विचारणारा उपकार करत नसतो आणि राबवून घेतही नसतो. तो तुम्हाला घरातलं धरत असतो.

२०१४ साली मला वडील होण्याविषयी विचारलं, तेव्हा मी घाबरून दोन आठवडे मागून घेतले. इथं १९६६ पासून बायका वडील होतात, १९६८ पासून पाळकही. पण माझ्या डोळ्यांसमोर आई होती, जिने जन्मभर चर्च झाडलं, कंदिलाच्या काचा पुसल्या आणि कमिटीच्या बैठकीत चहा देऊन बाहेर आली. नेमणुकीच्या दिवशी मी सही केली, प्रार्थना झाली आणि सगळ्या वडिलांनी एकेक करून माझा उजवा हात हातात घेतला. रात्री बाबांना फोन लावला आणि शब्दच अडला. "बाबा, मी वडील झाले" कसं म्हणू? मराठीत वडील म्हणजे तेच. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, "चांगलं व्हयनं, बेटा."

वडिलाकडे घरांची एक यादी असते. माझ्याकडे अकरा घरं आहेत. प्रभुभोजनाच्या आधी त्या घरी जायचं, विचारपूस करायची, कुठं कुठं अजून कार्ड द्यायची रीत आहे. प्रभुभोजन बऱ्याच मंडळ्यांत वर्षातून चारदाच होतं. आपल्यासारखं दर महिन्याला नाही, त्याचा धक्का बसतो. भाकर आणि द्राक्षरसाचे छोटे पेले वडील बाकांपर्यंत आणतात, बसल्या जागी घ्यायचे.

बाप्तिस्म्याचं अनेकजण विचारतात. इथं विश्वासणाऱ्यांच्या तान्ह्या बाळांना पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. आपल्याला नदीत बुडवून मिळालेला असतो, तोही कळत्या वयात. त्यावर वाद घालत बसू नका. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला तुमचा बाप्तिस्मा ते मानतात, पुन्हा घ्यायला सांगत नाहीत.

विश्वासाचं म्हणाल तर मूळ गाभा तुमच्या ओळखीचाच आहे: त्रैक्य, ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान, कृपेनेच तारण. शास्त्र सगळ्यात वर आणि त्याच्याखाली सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार. त्याबरोबरच्या लहान प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत. पहिलाच प्रश्न माणूस कशासाठी आहे असा, आणि उत्तर: देवाचं गौरव करण्यासाठी आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद करण्यासाठी. लहानपणी चुकांची यादी ऐकत वाढलेल्या मला त्या 'आनंद' शब्दाने रडवलं होतं. विश्वासाच्या गाभ्याबाहेरच्या मुद्द्यांवर मतस्वातंत्र्य आहे, त्यामुळे बाकावर तुमच्या शेजारी तुमच्याहून वेगळ्या मताचा माणूस बसलेला असेल आणि त्याला कोणी उठवणार नाही.

आता पैसा. याबद्दल आपली पोरं विचारायला लाजतात, म्हणून मीच मोकळेपणी लिहिते.

गावाकडे आई रोज दळण काढताना मूठभर बाजरी वेगळ्या डब्यात टाकायची, देवाची म्हणून. हंगामाच्या सणाला ती बाजरी, शेंगा, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे यायच्या आणि मग लिलाव. एकच भोपळा तीनदा विकला जायचा, कारण घेणारा पुन्हा मंडळीलाच द्यायचा. मिझोरमच्या बायकाही स्वयंपाकाच्या तांदळातून अशीच मूठ काढतात आणि त्यावर त्यांच्या मंडळीचं केवढं तरी काम चालतं. इथं लिलाव नाही. वर्षाच्या सुरुवातीला नंबर घातलेली पाकिटं मिळतात किंवा बँकेतून महिन्याला ठरावीक रक्कम जाते. कोण किती देतो हे पुढे उभं राहून वाचत नाहीत. त्यामुळे आपल्याला वाटतं, कोणाचं लक्षच नाही, राहू दे. तसं करू नका. पाळकांचं मानधन एका मंडळीच्या खिशातून जात नाही. सगळ्या मंडळ्या मध्यवर्ती निधीत आपला वाटा भरतात आणि त्यातून सगळ्या पाळकांना मिळतं. म्हणजे सधन वस्तीतली मंडळी गरीब वस्तीतल्या मंडळीचा पाळक उभा करते. तुमचे आठवड्याचे दोन पौंड त्यात असतात.

गिफ्ट एड नावाचा फॉर्म पुढे येईल. तुम्ही इथं आयकर भरत असाल तर तो भरा. तुमच्या दहा पौंडांवर मंडळीला सरकारकडून अडीच पौंड जास्त मिळतात, तुम्हाला काही लागत नाही. पण वर्षाची कमाई १२,५७० पौंडांच्या आत असेल, कर कापलाच जात नसेल, तर सही करू नका. न भरलेल्या कराचा परतावा मंडळीने मागितला तर तो फरक तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. विद्यार्थ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.

आणि ज्यांनी शेत गहाण टाकून, एजंटला पैसे भरून येणं केलं, त्यांना माझं कळकळीचं सांगणं: आधी ते कर्ज. घरी भाऊ सावकाराला तोंड देत असताना इथं दशमांश मोजू नका. उसन्या पैशाचा दशमांश देव मागत नाही, असं मी मानते. तोवर वेळ द्या, हात द्या. खुर्च्या मांडा, भांडी धुवा, म्हाताऱ्या माणसाला गाडीपर्यंत सोडा. इथं कारभारीपण म्हणतात त्यात हे सगळं येतं. घरात खायला नसेल तर वडिलाला सांगा, त्यात कमीपणा नाही. मात्र चर्चच्या ओळखीवर कोणी तुमच्याकडे खासगीत उसने मागितले तर देऊ नका, आधी मला किंवा तुमच्या वडिलाला विचारा.

वर्षातून एकदा हिशेब सगळ्यांपुढे ठेवतात. छापील प्रत हातात मिळते, कोणीही प्रश्न विचारतो, खजिनदार उत्तर देतो आणि नंतर दोघं एकत्र चहा पितात. आपल्याकडे माझ्या पाहण्यातल्या एका मंडळीचे जागेच्या वादात दोन तट पडले, सख्खे भाऊ नाताळला वेगवेगळ्या दारांनी जायला लागले. हिशेब पहिल्यापासून उघडा असता तर ते घडलं नसतं. म्हणून त्या सभेला बसा. समजलं नाही तरी बसा, दोन वर्षांत समजायला लागतं.

एक दुःखाची गोष्टही आधीच सांगते. इथली मंडळी घटते आहे. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या ३२ टक्के लोकांनी स्वतःला चर्च ऑफ स्कॉटलंडचं म्हटलं होतं, २०२२ मध्ये २० टक्क्यांनी. इमारती बंद होतात, दोन मंडळ्या एक होतात. आमचीही झाली. ज्या चर्चमध्ये माझ्या मुलाचा बाप्तिस्मा झाला, त्याच्या शेवटच्या उपासनेनंतर बाक मोजायचं काम माझ्याकडे होतं. या चर्चची खूण जळतं झुडूप आहे, मोशेने पाहिलेलं, जळूनही भस्म न झालेलं. त्या दिवशी खिडकीतल्या त्या चित्राकडे मी बराच वेळ पाहत राहिले. तुम्ही तरुण माणसं दारातून आत येता तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांना काय वाटतं, याची तुम्हाला कल्पना नाही.

किरकोळ गोष्टी: मुलांच्या कामात मदत करायची असेल तर सरकारी पडताळणी करून घ्यावी लागते, ती सगळ्यांचीच होते, अपमान मानू नका. जेवणाला पदार्थ नेताना त्यात काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहा. आपल्या भरतात आणि शेवभाजीत शेंगदाणे असतील तर ते ठळक लिहा, शेंगदाण्याने इथं काहींच्या जिवावर बेततं. भरीत थोडं कमी तिखट करून आणा, भांडं रिकामं परत जाईल.

निघायच्या आधी, किंवा आला असाल तर आता फोन करून, गावच्या पाळकसाहेबांकडून मंडळीच्या शिक्क्याचं पत्र मागवा: नाव, बाप्तिस्म्याची तारीख, मंडळीचे सभासद असल्याचा दाखला. मराठीत असलं तरी चालेल, भाषांतर मी करून देते. ते पत्र इथल्या पाळकांना द्या. पुढच्या सेशनच्या बैठकीत तुमचं नाव वाचलं जाईल, वहीत चढेल, आणि कुठल्यातरी वडिलाच्या यादीत एक घर वाढेल. माझ्या यादीत बारावी ओळ मोकळी आहे.