गल्ला जुळला म्हणून निवांत बसताय? दुकानातल्या चोरीत मालकांच्या या चुका टाळा

रात्री गल्ला जुळला की मालक खुशाल घरी जातो, आणि खरी चूक तिथंच होते, कारण कूपनची चोरी गल्ल्यात दिसतच नाही. समजा बिल झालं १,१८० रुपये, गिऱ्हाईकाने रोख दिले आणि बिल न घेताच निघाला, काउंटरवरच्या पोराने ते होल्डवर, म्हणजे सिस्टीममध्ये पूर्ण न करता ठेवलेलं, मागून १०० चं कूपन मारलं, सिस्टीममध्ये १,०८० पडले आणि शंभराची नोट खिशात. हिशोब पैशाला पैसा बरोबर, बसा शोधत.

म्हणून आठवड्यातून एकदा तरी कॅशियरनुसार डिस्काउंट रिपोर्ट काढा आणि रोखीची बिलं वेगळी काढून बघा. कार्ड किंवा यूपीआयवर हा खेळ जमत नाही, पूर्ण रक्कम बँकेत येते ना, त्यामुळे एखाद्याची कूपनं नेमकी रोखीच्याच बिलांवर पडत असतील तर पाणी कुठंतरी मुरतंय. गिऱ्हाईकाच्या मोबाईल नंबरवर जमा होणाऱ्या पॉइंट्सचंही तेच, एकच मोबाईल नंबर दिवसभर वेगवेगळ्या बिलांवर दिसला की तो कोणाचा ते आधी बघा. आणि सगळ्यांना चालणारा एकच कोड काउंटरवर चिकटवून ठेवणं म्हणजे आमंत्रणच, प्रत्येक कूपनला वेगळा नंबर हवा आणि तो एकदाच चालला पाहिजे.

पासवर्डचं तर विचारूच नका. बिल रद्द करायला, माल परत घ्यायला मालकाचा पासवर्ड लागतो, पण जेवायला जाताना तोच सगळ्यांना सांगून ठेवलेला असतो, मग रिपोर्टमध्ये चोर म्हणून नाव कोणाचं येणार? तुमचंच!

कॅमेरे सगळे दारावर आणि रॅकवर. एक तरी काउंटरच्या बरोबर वर लावा, स्कॅनर आणि ड्रॉवर दोन्ही दिसले पाहिजेत, नाहीतर मित्र आला की चार वस्तू पिशवीत आणि बिलात दोनच. 'सोबत फ्री' आलेले चहाचे मग, डबे पण स्टॉकमध्ये चढवा, ते सुटे विकले जातात.

कोणी सापडलाच तर गिऱ्हाईकांसमोर तमाशा नको, आणि त्याचं म्हणणं न ऐकता परस्पर पगारातून पैसे कापणं कायद्यात बसत नाही. आधी फुटेज पेनड्राइव्हवर घ्या, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर जुनं आपोआप पुसतो, आणि बिल नंबर, वेळ त्याला जोडून ठेवा. नोकराने मालकाचा माल चोरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ मध्ये ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण पोलीस ठाण्यात गेल्यावर 'माझा संशय आहे' एवढ्यावर काम भागत नाही.