जेसीबीने चर खोदताना

मागेपुढे बकेट असलेल्या कोणत्याही बॅकहो लोडरला आपल्याकडे जेसीबी म्हणतात आणि साखळीवर चालणाऱ्या एक्स्कॅव्हेटरला पोकलेन. ही दोन्ही नावे मुळात कंपन्यांची आहेत. रस्त्यावर चालवण्यासाठी त्या प्रकारच्या वाहनाचा परवाना हवाच. मात्र पाण्याच्या पाइपलाइनसाठी सरळ चर खोदणे परवान्याने येत नाही, त्यासाठी काही महिने जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली हेल्परकी करावी.

सकाळी इंजिन सुरू करण्याआधी सपाट जागेवर इंजिन ऑइल, कूलंट आणि हायड्रॉलिक तेलाची पातळी पाहावी, तसेच डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी सोडून द्यावे. सांध्यांतल्या प्रत्येक पिनेला कडेने नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन मारावी. हे काम हेल्परवर सोपवून चहाला जाणारे ऑपरेटर पुढे ढिल्या पिनांची तक्रार करतात. होजमधून, म्हणजे हायड्रॉलिक तेलाच्या रबरी नळीतून, तेल गळत असल्याची शंका आल्यास हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावे, कारण बारीक छिद्रातून दाबाने उडणारे तेल कातडीत शिरते आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

मशीन कसे उभे केले, यावर अर्धे काम अवलंबून असते. चराच्या रेषेवर मशीनचा मध्य आणून पुढची बकेट जमिनीवर टेकवावी आणि मागचे दोन्ही जॅक, म्हणजे मशीनला टेकू देणारे पाय, खाली सोडून मशीन आडव्या पातळीत आणावे. काळ्या मातीत, विशेषतः पावसानंतर, जॅक रुततात. त्यांच्याखाली जाड फळ्या टाकाव्यात. मशीन एका बाजूला कलले असेल तर चराची भिंतही तिरकी निघते आणि ती नंतर सुधारत बसण्यात तास जातात.

एकदम खोल घास न घेता पातळ थर काढावा. आर्म (बकेट लावलेला पुढचा दांडा) जवळ ओढताना बूम (मशीनला जोडलेला मोठा दांडा) थोडा थोडा उचलत आणि बकेट वळवत गेल्यास तळ सपाट राहतो. इंजिन दबू लागले की रेस वाढवण्याऐवजी घास कमी करावा. काळी माती आणि मुरूम संपून खाली पाषाण लागला तर बकेटने ठोकू नये, दगड फोडणारा ब्रेकर बोलवावा. बकेटच्या बाजूने दगड ढकलण्याची सवयही पिना आणि स्विंगचे, म्हणजे बूम डावी-उजवीकडे फिरवणारे, सांधे लवकर ढिले करते.

निघालेली माती काठापासून किमान 1.5 मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अंतर जास्त असेल तेवढी दूर टाकावी. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते. तिचा भार काठावर आला की भिंत ढासळते आणि खाली पाइप जोडणाऱ्याला सरकायलाही वेळ मिळत नाही. चरात माणूस असताना बकेट त्याच्या डोक्यावरून फिरवू नये. वीजवाहिनी आणि जुन्या जलवाहिनीची जागा आधी विचारून घ्यावी, आणि त्यांच्या जवळचा भाग मजुरांकडून फावड्याने उकरून घ्यावा.

काम थांबवताना इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवावे, दोन्ही बकेट जमिनीवर टेकवाव्यात, किल्ली काढावी आणि मशीन किती तास चालले ते दाखवणाऱ्या तासमीटरचा आकडा मालकाच्या माणसासमोर वहीत लिहून घ्यावा.