कडकनाथ घरी वाढवायचा तर रंगाआधी स्वभाव बघा

इंदूरजवळ राऊला आमच्या घरामागे चाळीस बाय तीस फुटांचं अंगण आहे. एक आंबा, एक कढीपत्ता आणि सध्या अकरा कडकनाथ: नऊ कोंबड्या, दोन कोंबडे. बारावी मावशी. ती कडकनाथ नाही, तांबूस रंगाची साधी देशी कोंबडी आहे. पण तिच्यावाचून या अंगणात एकही काळं पिल्लू वाढलं नसतं.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, निवृत्त झाल्यावर हा नाद लागला. आता ओळखीचे लोक येतात आणि आल्याआल्या दोन प्रश्न विचारतात. अंडी काळी असतात का? नाहीत, फिकट बदामी असतात, जराशी गुलाबी झाक असलेली. आणि वर्षाला किती देते? चांगली सांभाळली तर ऐंशी ते शंभर. पोल्ट्रीतल्या लेयर कोंबडीच्या आकड्यांशी याची तुलना करू नका. अंड्यांच्या हिशेबावर कडकनाथ आणला तर सहा महिन्यांत मन उठेल. स्वभाव मात्र कुणी विचारत नाही, आणि या जातीत पहिल्यांदा समजून घ्यायचा तो स्वभावच.

हा पक्षी झाबुआ-अलीराजपूरच्या डोंगरांतला, भिल्ल-भिलालांच्या पाड्यांवरचा. इंदूरपासून झाबुआ दीडशे किलोमीटर. तिकडे याला कालामासी म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाचा. 2018 साली झाबुआच्या कडकनाथाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथे देवीला वाहिला जातो, पाहुण्यासाठी राखून ठेवला जातो. दिवसभर रानात चरायचं, संध्याकाळी झाडावर चढायचं, घारीची सावली दिसली की पळायचं, असंच त्याचं जगणं. ती सावधगिरी अंगणातही जात नाही. बादली आपटली तरी माझ्या कोंबड्या एका झेपेत आंब्याच्या खालच्या फांदीवर जातात. म्हणून कुंपण किमान सात फुटी हवं आणि वर जाळी हवी. दोन-चार फुटांच्या भिंतीचा भरवसा धरू नका.

पळपुटा असला तरी हा पक्षी भांडखोर नसतो, हे मी ठामपणे सांगते. कोंबडे आपसांत झुंजतात, म्हणून माझ्याकडे दोघांच्या मध्ये जाळी आहे. पण माणसाच्या अंगावर येणारा कडकनाथ मला एकदाच भेटला. माझी पाठ वळली की तो पिंडरीवर नख्या मारायचा. दिसायला देखणा, तुरा जांभळट काळा, पिसांवर मोरपंखी हिरवी झळाळी. मी मोहात पडून त्याला पैदाशीला ठेवला. त्याची पाच नर पिल्लं मोठी झाली, त्यांतली तीन तशीच निघाली. तेव्हापासून एक नियम पाळते: अंगावर येणारा कोंबडा कितीही काळा असो, त्याची अंडी उबवायची नाहीत.

निवड बारा आठवड्यांना करा. त्या वयात तलंगा, म्हणजे तरुण माद्या, आणि नर वेगळे ओळखू येतात. संध्याकाळच्या दाण्याआधी जाळीत छोटं स्टूल घेऊन बसा, तळहातावर मक्याचा भरडा ठेवा आणि हलू नका. पहिली पाच मिनिटं कुणी फिरकत नाही. मग एखादी तलंग मान तिरकी करते, एक डोळा तुमच्यावर ठेवते, एक पाऊल पुढे, एक मागे. दहा मिनिटांत जी येऊन टोचते तिच्या पायात मी हिरवा दोरा बांधते. जी वेळभर जाळीवर धडका मारते तिला पिवळा. तीन संध्याकाळी हेच करा, कारण एका दिवसाचा घाबरटपणा म्हणजे स्वभाव नव्हे. हिरव्या दोऱ्याच्या माद्या पैदाशीला, पिवळ्या अंड्यांना. दोरा दर पंधरवड्याला सैल करा, पाय जाड होत असतात.

आता रंगाचं. झाबुआहून नात्यातल्या कुणाकडून पक्षी आला तर प्रश्न नाही, पण मी सुरुवातीला एका टेम्पोवाल्याकडून वीस पिल्लं घेतली होती. मोठी झाल्यावर गंमत अशी दिसली की माद्या सगळ्या काळ्या, नरांचे तुरे मात्र लाल, जीभ गुलाबी, पायांची कातडी फिकट. हा योगायोग नव्हता. कडकनाथाचा काळेपणा 20व्या गुणसूत्रावरच्या दोन तुकड्यांच्या दुहेरी प्रतींमुळे येतो आणि तो प्रभावी गुण आहे, म्हणजे आई किंवा बाप एकच कडकनाथ असला तरी पुढे उतरतो. पण फिकट पायांच्या कोंबड्यांकडे हा रंग कातडीत उतरू न देणारा दुसरा एक गुण असतो, आणि तो लिंग-गुणसूत्रावर असतो. कोंबड्यांमध्ये मुलीला ते गुणसूत्र फक्त बापाकडून मिळतं, मुलाला दोघांकडून. म्हणून कडकनाथ कोंबडा आणि फिकट पायांची कोंबडी अशी जोडी लावली तर मुली बापासारख्या काळ्या होतात आणि मुलगे आईमुळे फिके पडतात. वर्गात फळ्यावर काढून शिकवलेली आकृती माझ्याच अंगणात उभी राहिली.

म्हणून खरेदी करताना फक्त काळ्या तलंगा बघून पैसे देऊ नका. त्यांचे भाऊ दाखवायला सांगा. चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, पिसं बाजूला करून छातीची कातडी बघा, तळपाय बघा. सगळं काळं किंवा गडद करडं हवं. पिसांत तीन प्रकार खरे मानले जातात: पूर्ण काळा, मानेवर पांढुरक्या रेघांचा पेन्सिल्ड आणि सोनेरी. सोनेरी म्हणजे भेसळ, असं काही लोक समजतात. ते चूक आहे.

जोडी लावताना सात-आठ माद्यांना एक कोंबडा पुरतो. मादी सहा महिन्यांच्या आसपास अंड्यावर येते, पण पहिल्या महिन्याची अंडी लहान असतात, ती घरात वापरा. कोंबडा बदलायचा असेल तर जुना काढल्यावर तीन आठवड्यांची अंडी उबवणीला घेऊ नका. जुन्याचं बीज मादीच्या अंगात राहतं आणि पिल्लाचा बाप कोण ते कळत नाही. बाप-लेकी, भाऊ-बहिणी वर्षानुवर्षं एकत्र ठेवल्या की अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण घसरतं. मी दर दोन वर्षांनी बाहेरचा कोंबडा आणते.

उबवणीची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. टोकाची बाजू खाली ठेवून, गार कोपऱ्यात, वर पेन्सिलीने तारीख. धुऊ नका. कवचावर एक पातळ थर असतो, तो गेला की आत जंतू शिरतात.

आता मावशीकडे येते. कडकनाथ मादी खुडूक होतच नाही, म्हणजे अंडी उबवायला बसतच नाही, असं नाही, पण सहसा होत नाही, आणि झाली तरी टिकेल याची खात्री नसते. माझ्याकडे सहा वर्षांत दोनच बसल्या. एक पंधराव्या दिवशी मांजराच्या आवाजाने उठली ती परत आलीच नाही. दहा अंडी, आत पिसं फुटलेली पिल्लं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई झाबुआच्या. त्या आधीच म्हणाल्या होत्या, ‘ये नहीं बैठेगी, देसी के नीचे रखो.’ त्यांच्या गावी हीच रीत आहे. मी ऐकलं नाही, उबवणीचं मशीन आणलं. एप्रिलची माळव्याची हवा इतकी कोरडी की मशीनमधली वाफ टिकेना. पिल्लं कवचाला चोचीएवढं भोक पाडून आतल्या आत चिकटून मेली. मशीन वापरायचंच तर तापमान 37.5 अंश, ओलावा सुरुवातीला पंचावन्न टक्क्यांच्या आसपास आणि शेवटचे तीन दिवस पासष्टच्या वर ठेवा. अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून तीनदा अंडी फिरवा, मग हात लावू नका. पण दहा-बारा अंड्यांसाठी देशी कोंबडीसारखी दुसरी सोय नाही.

देशी कोंबडी खुडूक झाली की ओळखू येते: पिसं फुलवते, जवळ गेलं की कुर्र करते, छातीखालची पिसं विरळ होतात. लगेच अंडी देऊ नका. दोन दिवस तिच्याखाली प्लास्टिकचे चेंडू ठेवा, ती ठाम बसते का बघा. तोवर तिला राख आणि बारीक माती मिसळलेल्या पाटीत लोळू द्या. अंगावर उवा-पिसवा असलेली कोंबडी एकवीस दिवस बसूच शकत नाही. मग रात्री, दिवा न लावता, चेंडू काढून दहा ते बारा अंडी सरकवा. जागा अंधारी, आडोशाची, मुंगूस शिरणार नाही अशी. ती रोज एकदा वीसेक मिनिटं उठेल, दाणा-पाणी घेईल, घाण करून परत बसेल. त्या वेळी अंडी गार पडतील म्हणून घाबरू नका.

सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरा. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात आणि मधे एक ठिपका हलतो. ज्यात काहीच दिसत नाही ते काढा, पुढे ते सडून फुटलं तर बाकीच्यांना त्रास. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्च आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर हे महिने बरे. मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, कोंबड्यांची अंडी कमी होतात, आणि जी येतात त्यांत फळलेली थोडी.

एकविसाव्या दिवशी मावशीच्या पोटाखालून चिवचिव येते. मी दिवसभर तिला उठवत नाही. संध्याकाळी तिच्या तांबड्या पिसांतून एक काळं डोकं बाहेर येतं. चोचही काळी, डोळेही काळे, फक्त चोचीच्या टोकावर कवच फोडायचा पांढरा ठिपका. ती ठिणगीएवढी खूण दोन-तीन दिवसांत गळून जाते. पाठीवर गडद पट्टे असतात, हात फिरवला की ओलसर मखमलीसारखं लागतं.

तिसऱ्या दिवसापासून पिल्लांना हाताची सवय लावा. रोज दहा मिनिटं तळहातावर बारीक भरडा. आमच्या बाईंनी मला वाळवी द्यायला शिकवलं: मडक्यात ओलं शेण नि काड्या भरून रात्री वारुळावर पालथं घालायचं, सकाळी आत वाळवी भरलेली असते. पिल्लं त्यासाठी हातावर चढतात. बाकी सहा-आठ आठवडे चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, द्या. माळव्यात घरोघरी सोयाबीन असतं, पण कच्चं सोयाबीन कोंबड्यांना घालू नका, ते पचत नाही आणि वाढ खुंटते, पेंड चालते. मानमोडी रोगाची लासोटा लस पहिल्या आठवड्यात, गंबोरो रोगाची दुसऱ्या-तिसऱ्यात, सहा-सात आठवड्यांना देवीची, आठव्याला पुन्हा मानमोडीची. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या.

पाच-सहा आठवड्यांनी मावशी पिल्लांना टोचून दूर करायला लागते. तेव्हा पिल्लं वेगळ्या खुराड्यात हलवा, आणि हलवायची ती अंधार पडल्यावरच. दिवसा कडकनाथ पकडायला गेलात तर पक्षी धडपडून पंख मोडून घेतो आणि पुढे महिनाभर तुम्हाला बघून पळतो. रात्री त्यांना दिसत नाही. दोन्ही तळहात पंखांवर ठेवून अलगद उचला, छातीशी धरा, हळू बोलत राहा. बसायला जमिनीपासून तीन फुटांवर आडवा बांबू लावा, जमिनीवर त्या झोपणार नाहीत. दार लावण्याआधी मोजा, आणि एक कमी भरली तर बॅटरी घेऊन आधी आंब्याकडे जा.