प्लेकोसाठी स्लेटची गुहा: सांधा सुटणार नाही अशी

प्लेको हा टाकीच्या तळाशी राहणारा, चोखणाऱ्या तोंडाचा मासा. तो गुहेत अंडी घालतो, आणि ही गुहा घट्टच हवी. अंडी घालण्याच्या वेळी नर छातीचे पर पसरून आत स्वतःला रोवून घेतो आणि मादीला बाहेर पडू देत नाही. ऐसपैस गुहेत त्याला हे जमत नाही, आणि मग महिनोन्‌महिने काही घडत नाही. म्हणून माप दगडावरून ठरवू नका, माशावरून ठरवा. रुंदी म्हणजे अर्धवट पसरलेल्या परांसकट नराची रुंदी. उंची पाठीचा पर मिटलेल्या माशापेक्षा सेंटिमीटरभर जास्त. लांबी शरीराच्या साधारण दीडपट. एक टोक बंद. १० सेंटिमीटरच्या ब्रिसलनोजसाठी (प्लेकोची एक जात) आतून १५ × ५ × ४ सेंमी बरोबर बसते. झेब्रा प्लेकोसाठी, म्हणजे एल०४६ साठी (हौशी मत्स्यपालक वापरतात तो त्याचा क्रमांक), १२ × ३.५ × ३ पुरते.

दगड

५ ते ६ मिमी जाडीची नैसर्गिक स्लेट घ्या, म्हणजे आपला पाटीचा दगड. सीलर किंवा पॉलिश लावलेली फरशी नको. सोनेरी चकाकणारे ठिपके किंवा गंजाचे डाग असलेला तुकडा बाजूला काढा. ते पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचे खनिज असते, पाण्यात गंजते. व्हिनेगरची चाचणी बहुतेक जण चुकीची करतात. गुळगुळीत दगडावर थेंब टाकून फेस आला नाही, म्हणून दगड चांगला ठरत नाही. खिळ्याने खरवडून थोडी भुकटी काढा आणि थेंब त्या भुकटीवर टाका. बुडबुडे आले तर दगडात चुना आहे. मऊ पाण्यातल्या माशांसाठी तो निरुपयोगी, कारण पाण्याचा कठीणपणा हळूहळू वाढत जातो.

दगड बोटांवर तोलून टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठेवा. बद्द आवाज आला तर आत थर सुटलेले आहेत, तो घेऊ नका.

कापणे

६ मिमी जाडीच्या दगडासाठी ब्रिसलनोजच्या गुहेचे तुकडे असे: तळ आणि छत प्रत्येकी १५६ × ६२ मिमी, दोन बाजू १५६ × ४०, पाठ ४८ × ४०, आणि तोंडाशी उंबरा म्हणून ४८ × ६ ची एक पट्टी. पाठ ५० न धरता ४८ धरायची, कारण दोन्हीकडे १-१ मिमी सिलिकॉन, म्हणजे तुकडे जोडायचा रबरी चिकटपदार्थ, बसणार आहे.

डायमंड ब्लेडने पाणी सोडत कापा आणि मास्क लावा, तोही नुसता कापडी नाही, एन९५. स्लेटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की परत निघत नाही. कोरडे कापणे सरळ धोक्याचे आहे, दोनच तुकडे कापायचे असले तरी.

सांधा

घरी केलेल्या बहुतेक गुहा इथेच फसतात. दोष सिलिकॉनला दिला जातो, पण निखळलेला सांधा नीट बघा: सिलिकॉनला दगडाचा पातळ पापुद्रा चिकटून आलेला दिसेल. सिलिकॉनने त्याचे काम केलेले असते. सुटलेला असतो दगड. स्लेट थरांची बनलेली आहे, आणि वरचा सैल थर काढला नाही तर आपण त्या सैल थरालाच सिलिकॉन लावत बसतो.

म्हणून तळ आणि छताच्या ज्या पट्ट्यांवर भिंती टेकणार, तिथे बोथट सुरी आडवी धरून दाबून खरवडा. जे सुटेल ते सुटू द्या. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर सपाट काचेवर पसरून प्रत्येक तुकड्याची कड त्यावर घासा. कड काचेवर उभी ठेवल्यावर खाली कुठे उजेड दिसता कामा नये. बाकीच्या धारदार कडाही याच वेळी मोडून घ्या, विशेषतः तोंडाच्या. प्लेको मागे सरकतच बाहेर येतो आणि परांचे काटे तिथेच अडकतात.

दुसरा शत्रू ओल. पाण्याने कापलेला दगड वरून कोरडा दिसतो, पण थरांमध्ये पाणी असते. ब्रशने धुवा आणि किमान २ दिवस खेळत्या हवेत वाळवा. ‘स्लेट उकळून घ्या’ हा सल्ला ऐकू नका. उकळण्याने थर सुटतात. आचेवर धरून वाळवणे त्याहून वाईट, आत अडकलेली वाफ दगड फोडते. वाळल्यावर कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ते उडू द्या, आणि नंतर त्या कडांना बोट लावू नका.

सिलिकॉन १०० टक्के शुद्ध आणि मत्स्यटाकीसाठी चालेल असे स्पष्ट लिहिलेले असावे. बाथरूमसाठीचे बुरशीरोधक सिलिकॉन अजिबात नको, त्यात बुरशीनाशक असते आणि ते पाण्यात उतरते. गरम ग्लू गन ओल्या दगडावर टिकत नाही. सिमेंट पाण्याचा पीएच चढवते. इन्स्टंट ग्लू ठिसूळ असतो, एका धक्क्यात निघतो.

सगळे एकाच बैठकीत जोडू नका. आधी तळ, दोन बाजू आणि पाठ एवढेच जोडा. कडेवर ३-४ मिमी जाडीची सलग रेघ ओढा आणि तुकडा बसवून दाबा, पण पूर्ण पिळून काढू नका. सांध्यात साधारण १ मिमी सिलिकॉन राहायला हवे. दगडावर दगड टेकेपर्यंत दाबले तर धरून ठेवायला मध्ये काही उरत नाही. दाबाचा अंदाज येत नसेल तर १ मिमीचे टाइल स्पेसर दोन्ही टोकांना ठेवा. वरची साय धरायला १० ते २० मिनिटे लागतात, त्याआधी आतल्या कोपऱ्यांवरून ओले बोट फिरवून सिलिकॉन सपाट करा. उंबराही आत्ताच तळावर चिकटवा. अंडी किंवा नुकती फुटलेली पिल्ले घरंगळून बाहेर पडू नयेत म्हणून तो लागतो. २४ तास हात लावू नका.

छत दुसऱ्या दिवशी. ते बसल्यावर आतल्या कोपऱ्यात बोट पोहोचत नाही, म्हणून भिंतींच्या वरच्या कडेवर रेघ मधोमध न ओढता बाहेरच्या बाजूला ओढा. दाबल्यावर जादा सिलिकॉन बाहेर येईल आणि पातीने कापता येईल. आत लोंबणारी सिलिकॉनची झालर प्लेको खरवडत राहतो, आणि अंडी बरेचदा छताला किंवा मागच्या कोपऱ्यातच चिकटवली जातात.

सिलिकॉन हवेतल्या बाष्पाने पिकते आणि कडेकडून आत पिकत जाते, २४ तासांत फार तर २-३ मिमी. बाहेरून कडक झाले म्हणजे आत झाले असे नाही. उरलेले दोन तुकडे त्याच दिवशी, तशाच रेघेने जोडून शेजारी ठेवा आणि ५ दिवसांनी ते पातीने उघडा. मध्ये चिकट असेल तर गुहाही मध्ये कच्ची आहे. एकूण ७ दिवस द्या, हवा कोरडी किंवा थंड असेल तर १०. सांधा सुटलाच तर वरून नवे सिलिकॉन फासू नका. पिकलेल्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन नीट धरत नाही. जुने पूर्ण खरवडा आणि दगडापासून पुन्हा सुरू करा.

पाण्यात

गुहा बादलीत ३ दिवस बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. आंबूस वास पूर्ण गेला की टाकीत.

ही गुहा अर्ध्या किलोहून थोडी जास्त भरते, तेव्हा ती वाळूवर ठेवू नका. आधी थेट तळाच्या काचेवर ठेवा, मग भोवती वाळू पसरा, म्हणजे माशांनी उकरले तरी ती कलंडणार नाही. मागची बाजू किंचित खाली असावी. तोंडासमोर हलका प्रवाह हवा, फिल्टरचा थेट झोत नको. गुहा नरांच्या संख्येपेक्षा एक तरी जास्त ठेवा, नाहीतर दुबळ्या नराची फरफट होते.

नर कधी लगेच आत शिरतो, कधी आठवडे घेतो. त्या काळात गुहा हलवू नका. ब्रिसलनोजची अंडी २६-२८ अंश सेल्सियसला साधारण ४ ते ६ दिवसांत फुटतात, आणि पिल्लांच्या पोटातला बलक संपायला आणखी तितकेच किंवा थोडे जास्त दिवस जातात. तोवर टॉर्चचा मंद उजेड तोंडाशी धरून बघा, तोही दिवसातून एकदाच. नर पर हलवत तोंडाशी बसलेला असेल तर आत सगळे ठीक आहे.